तुम्हाला अधिकार काय?

चार वर्षांपूर्वी, सहामाही परीक्षा आटोपल्यावर, मी एका माणसाला एक प्रश्न विचारला. तो विचारल्याची लाज मला अजून वाटते, आणि हा लेख त्या लाजेतूनच निघाला आहे हे आरंभीच सांगून टाकतो. पुढे माझा आवाज कुठे चढलाच, तर तो अर्धाअधिक माझ्या स्वतःवरच चढला आहे असे वाचकांनी समजावे.

आमची शाळा नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. मी तिथे चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि त्यावर चित्रकलेच्या परीक्षा. चार कादंबऱ्या लिहिल्या, पैकी दोन छापल्या गेल्या. डोंगराचा नाद मात्र पोरवयापासूनचा, त्यामुळे सहलीचे जोखड दर वर्षी माझ्याच मानेवर येते. त्या वर्षी सत्तावीस मुले घेऊन मी सांदण दरीत निघालो होतो. ज्यांनी ही दरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : अकोले तालुक्यात साम्रद गावापलीकडे, रतनगडाच्या शेजारी, भुईला एक मोठी भेग पडलेली आहे. दोन्ही अंगांना सरळसोट कडे, मध्ये कुठे कुठे जेमतेम बैलगाडी जाईल एवढीच जागा, पायाखाली वरून घरंगळून आलेले धोंडे आणि तोंडापासून थोड्याच अंतरावर पाण्याचे डबके. आत शिरले की आभाळाची नुसती एक चिंधी दिसते.

माझ्यापाशी सगळे कागद होते. मुख्याध्यापकांची परवानगी होती, पालकांची संमतिपत्रे होती, विमा होता, एस. टी.चा प्रासंगिक करार होता. सह्या मोजल्या तर पन्नासाच्या घरात जातील. त्या पन्नास जणांपैकी एकानेही ती दरी पाहिलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दरीच्या तोंडाशी एक तिशीतला माणूस उभा होता. पायात रबरी चपला, खांद्यावर दोराचे वेटोळे. मला म्हणाला, "गुरुजी, आज आत नका जाऊ. पलीकडं आभाळ भरून आलंय. माळावर पाऊस झाला का सगळं पाणी ह्याच नळीत येतं."

माझ्या डोक्यावर लख्ख ऊन होते. मागे सत्तावीस मुले हुरूपाने उड्या मारत होती. मी विचारले, "तुम्ही वनखात्याचे का?"

"नाही."

"मग कुठल्या संस्थेचे?"

"आम्ही आपले असेच."

"मग आम्हाला अडवायचा तुम्हाला अधिकार काय?"

तो काही बोलला नाही. वाटेतून हललाही नाही. मुलांसमोर भांडण नको म्हणून मी मागे फिरलो. शहाणपणाने फिरलो असे म्हणण्याची सोय नाही, संकोचाने फिरलो. गावात एका ओसरीवर आम्ही शिदोऱ्या सोडल्या. तास-दीड तासाने पावसाने असा काही मारा केला की समोरचे घर दिसेना, आणि पाऊस थांबल्यावर दरीच्या बाजूने जो घुमारा ऐकू येऊ लागला तो पाण्याचा आहे हे कोणी सांगावे लागले नाही. सातवीतला एक मुलगा भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "सर, आपण आत असतो तर?" मी त्याला म्हटले, आधी भाकरी संपव.

संध्याकाळी त्या माणसाला शोधून काढले. तेव्हा कळले की गडावर किंवा कड्यावर कोणी अडकले, कोसळले, की दोर आणि स्ट्रेचर घेऊन जाणाऱ्या मंडळींपैकी तो एक. पगार नाही. प्रवासखर्च पदरचा. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एका वरिष्ठ संस्थेला पत्र लिहिले होते की, दरीच्या तोंडाशी एक पाटी लावा, पावसाळी महिन्यांत आणि आभाळ आलेल्या दिवशी आत जाऊ नये एवढाच मजकूर लिहा, आणि सहली आणणाऱ्या लोकांना तसे कळवा. त्याला दोन वर्षे झाली होती. उत्तर आले नव्हते असे मात्र नाही. उत्तर आले होते, आणि त्याने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते : "आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे."

कोणी घेतली? कुठे घेतली? कर्तरी प्रयोगात जे सांगण्याची छाती नसते ते सांगायला कर्मणी प्रयोग फार सोयीचा, हे मी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना नेहमी म्हणत असतो.

आपल्याकडे कोणत्याही क्षेत्रातल्या सर्वांत वरच्या मंडळाला 'शिखर संस्था' म्हणतात. गिर्यारोहणाच्या बाबतीत हा शब्द ऐकताना मला गंमत वाटते. शिखरावर कोणी राहत नाही. लोक तिथे पाच-दहा मिनिटे थांबतात, निशाण धरून छायाचित्र काढवतात आणि उतरू लागतात. राहायचे, रांधायचे, आजाऱ्याला सांभाळायचे आणि हवामान पाहायचे ते खाली तळावर. राष्ट्रीय गिर्यारोहण संस्थेचा तळ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी साम्रदच्या त्या माणसाकडे बोट दाखवीन. डॉक्टर, अभियंते, पक्ष्यांची घरटी मोजणारे, हवामानाच्या नोंदी ठेवणारे, कड्याखालच्या गावचे, असे शेकडो लोक आपला धंदा सांभाळून संस्थेला सल्ला देत असतात. त्यांचे गट असतात, समित्या असतात, उपसमित्या असतात. संस्थेचे ज्ञान म्हणून जे काही असते ते यांच्यापाशी असते. कचेरीत असतात त्या त्याच्या नकला. आणि तरी आपल्याकडे या लोकांविषयीचा भाव काय? लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे! रिकामटेकडे! सल्ला फुकट मिळाला, तेव्हा तो फुकाचाच असणार, हा आपला हिशेब.

हा हिशेब खोटा आहे एवढेच मला सांगायचे आहे. तो का खोटा, ते सांगायला थोडे लांबून यावे लागेल.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा सध्या इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात नोकरी करतो. मी त्याला चित्रकलेत दोन वर्षे जेमतेम पास केले होते, तरी तो अजून फोन करतो. सांदणची हकीकत मी त्याला सांगितली, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, इथं असली माणसं एका गुत्त्यात जमतात." मला वाटले थट्टा करतो आहे. पण ते खरे आहे. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल म्हणून तिथली राष्ट्रीय संस्था आहे. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, जेफ्री विन्थ्रॉप यंग या गिर्यारोहकाच्या पुढाकाराने निरनिराळ्या क्लबांनी मिळून ती स्थापन केली. या गृहस्थाचा पाय पहिल्या महायुद्धात गेला होता आणि कृत्रिम पायाने तो पुढे आल्प्स चढला, हे जाता जाता. आज तिची कचेरी मँचेस्टरला आहे, तिथे पगारी माणसे आहेत, सभासद हजारोंनी आहेत. पण इंग्लंड आणि वेल्समधल्या एकेका भागाचा कारभार चालतो तो स्थानिक सभांतून, आणि या सभा पुष्कळदा गुत्त्याच्या मागच्या खोलीत भरतात. कोणीही सभासद यावे, बोलावे. प्रत्येक भागात कड्यांकडे लक्ष ठेवणारे बिनपगारी प्रतिनिधी असतात. कोणत्या शेतकऱ्याच्या बांधावरून वाट जाते, तो का चिडला आहे, कोणत्या कड्यावर बहिरी ससाण्याने घरटे केले आहे, हे त्यांना माहीत असते.

ससाण्याची गोष्ट नीट सांगण्यासारखी आहे. वसंतात हा पक्षी कड्यावर अंडी घालतो. चढणारे लोक जवळ आले तर तो घरटे सोडतो आणि अंडी थंड पडतात. मग कायद्याने सगळा कडा सहा महिने बंद करावा काय? कचेरीत बसलेला माणूस तेच करील, कारण त्याला कडा म्हणजे नकाशावरची एक रेघ. पण बिनपगारी प्रतिनिधी पक्षितज्ज्ञाला बरोबर घेऊन कड्याखाली जाऊन बसतो. या वर्षी घरटे डाव्या टोकाला आहे, तेव्हा तेवढाच भाग बंद. पिले उडून गेली की लगेच खुला. शेफील्डच्या जवळच स्टॅनेज नावाची खडकांची लांबलचक धार आहे. तिथे कस्तुराच्या कुळातला, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला एक पक्षी येतो. त्याच्या घरट्याजवळ तात्पुरत्या पाट्या लावतात, त्या लावतात स्वयंसेवक, आणि चढणारे लोक त्या पाळतात. का पाळतात? पोलीस उभा असतो म्हणून नव्हे. पाटी लावणारा स्वतः त्या कड्यावर चढतो, आणि विनाकारण तो आपल्याला अडवणार नाही, हे त्यांना ठाऊक असते.

आमच्या सह्याद्रीत हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणू नये. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे आहेत. अनेक गडांच्या कपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतात, आणि अत्तर मारून किंवा चुलीचा धूर करून सहलीची सहल त्यांच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्या-उन्हाळ्यात आपण वाचतो. कोणते मोहोळ कुठे आहे हे खालच्या वाडीतल्या पोराला विचारा, तो कपार दाखवील. दिल्लीला विचाराल तर तुम्हाला एक विहित नमुना मिळेल.

इंग्लंडचे नुसते गोडवे गाण्यासाठी मी ही हकीकत सांगत नाही. साहेबाच्या देशातही कचेरी ती कचेरीच. २०१६ साली या संस्थेच्या धुरीणांना वाटले की आपले नाव जुनाट झाले. त्यांनी 'क्लाइम्ब ब्रिटन' असे चटपटीत नाव जाहीर करून टाकले. सभासदांना आधी विचारले नव्हते. गुत्त्यांतल्या त्या मागच्या खोल्यांतून असा काही गदारोळ उठला की त्याच वर्षी ते नाव मागे घ्यावे लागले. पुढच्या वर्षी कार्यकारी मंडळावर अविश्वासाचा ठराव आला. तो फेटाळला गेला, पण आला. आणि मग पैशाचा प्रश्न निघाला. खेळांना सरकारी पैसा देणाऱ्या मंडळाने नियम केला की, पैसा हवा असेल तर संचालक मंडळात निदान पाव भाग माणसे बाहेरची, स्वतंत्र असली पाहिजेत आणि अंतिम अधिकार त्या मंडळाकडे पाहिजे. तोवर हा अधिकार क्लबांच्या आणि विभागांच्या प्रतिनिधींच्या सभेकडे होता. २०१८ साली घटना बदलली. प्रतिनिधींची सभा राहिली, तिला सल्ला देण्याचा आणि जाब विचारण्याचा हक्क राहिला, पण निर्णयाची किल्ली संचालकांच्या खिशात गेली.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण माझे सगळे भांडण इथेच आहे. पैसा देणाऱ्याने विचारले, "तुमचा कारभार कोण पाहतो?" हा प्रश्न रास्त आहे. पण डोंगर कोण पाहतो, हे त्याने विचारले नाही. सरकारी पैसा ज्या कारणासाठी येतो तेही पाहा. तो मुख्यतः येतो स्पर्धांसाठी, पदकांसाठी. टोकियोपासून भिंतीवरचे चढणे ऑलिंपिकमध्ये आले आहे. भिंतीवर ससाणा नसतो, शेतकरी नसतो, पाऊस नसतो. तिथे सल्लागार नसला तरी चालते, प्रशिक्षक पुरतो. मला त्या खेळाविषयी आकस नाही. आमच्या शाळेच्या मैदानाला तशी भिंत कोणी बांधून दिली तर मी नारळ फोडीन. परंतु भिंतीच्या हिशेबाने डोंगराची संस्था चालवू लागलात, की साम्रदच्या माणसाचे पत्र कोणत्या फायलीत लावायचे तेच कळेनासे होते.

आता आपल्या घराकडे येतो. इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन ही आपली राष्ट्रीय संस्था. तिचा जन्म कसा झाला हे तिच्याच वारसांनी रोज सकाळी आठवावे असे आहे. आधी संस्था आणि मग तिच्या समित्या, असे झाले नाही. आधी एक समिती झाली. चो ओयू या आठ हजार मीटरांवरच्या शिखरावर भारतीय मोहीम जावी म्हणून काही हौशी मंडळींनी पैसा आणि परवानग्या जमवण्यासाठी ती केली. त्यांत सरकारी सेवेतले बडे अधिकारी होते हे मान्य. पण ते काम त्यांच्या नोकरीचे नव्हते. १९५८च्या त्या मोहिमेचा नेता होता मुंबईचा एक वकील, केकी बुनशा. १५ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा शिखरावर पोचले. त्या समितीतूनच पुढे संस्था झाली. म्हणजे ज्याला आज आपण शिखर संस्था म्हणतो तो मुळात एक सल्लागार गटच होता!

त्याच मोहिमेत मेजर नंदू जयाळ गेले. दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचे ते पहिले प्राचार्य, देशातल्या सर्वांत जाणत्या गिर्यारोहकांपैकी एक. मोहिमेला उशिरा येऊन मिळाले, पुढच्या तुकडीला गाठण्यासाठी घाईने चढले, आणि उंचीने त्यांचा बळी घेतला. त्या वेळी उंचीवर फुप्फुसांत पाणी भरण्याचा विकार डॉक्टरांनाही नीट उमगलेला नव्हता. १९६०मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरने त्यावर लिहिले. हा ह्यूस्टन स्वतः के-टूवर गेलेला. पुढे हिमालयातल्या आपल्या जवानांवर उपचार करता करता लष्कराच्या डॉक्टरांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी केल्या, आणि त्या नोंदी जगभर वाचल्या गेल्या. आज आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेचा वैद्यकीय आयोग आहे. त्यात निरनिराळ्या देशांच्या संस्थांनी पाठवलेले डॉक्टर असतात, आपली रुग्णालये सांभाळून ते हे काम करतात. त्यांचा सल्ला एका ओळीचा आहे : तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज तीनशे ते पाचशे मीटरांपेक्षा अधिक वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्या.

ही ओळ कोणाच्या मालकीची नाही. तिला कोणी शुल्क लावलेले नाही. पण पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापुराहून उन्हाळ्याच्या सुटीत हिमालयात पन्नास-पन्नासांच्या तुकड्या नेणाऱ्यांपैकी किती जण तिच्याप्रमाणे मुक्काम आखतात? विसाव्याचा दिवस म्हणजे आणखी एका दिवसाचे जेवण, आणखी एका दिवसाचा तंबू. तो कापला की सहल स्वस्त होते, तुकड्या अधिक निघतात. डॉक्टरांचा सल्ला फुकट होता, म्हणूनच तो आधी कापला गेला. त्याला हजार रुपये लावले असते, तर पत्रकावर ठळक अक्षरांत छापला असता.

दोराची गोष्टही तशीच. आपण दोर विकत घेतो तेव्हा त्यावरच्या चिठ्ठीवर आंतरराष्ट्रीय संघटनेचे चिन्ह असते. ही संघटना १९३२ साली शामोनी येथे स्थापन झाली. दोरांचे पहिले मानक तिने १९६०मध्ये ठरवले. दोदेरो नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एक यंत्र तयार केले. ऐंशी किलोचे वजन दोराला बांधून एका कडेवरून खाली सोडायचे, पुन्हा सोडायचे. एकेरी दोराने निदान पाच धक्के सोसले पाहिजेत. हे कोणी ठरवले? दोर विकणाऱ्यांनी नाही. दोरावर ज्यांचा स्वतःचा जीव टांगलेला असतो अशा अभियंत्यांनी आणि प्राध्यापकांनी. जर्मन आल्पाइन क्लबने १९६८मध्ये एक सुरक्षा-मंडळ काढले, त्याची धुरा पिट शुबर्ट या अभियंत्याने तीस वर्षे वाहिली. अपघातात तुटलेले दोर तो गोळा करी, आणि का तुटले ते शोधून काढी. त्याने दाखवून दिले की धड दोर नुसत्या वजनाने सहसा तुटत नाही. तुटतो तो धारदार कडेवर, किंवा त्याला आम्ल लागले असेल तर, आणि आम्लाचा डाग पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. ही माहिती वाचल्यावर मी आमच्या शाळेचा दोर कुठे ठेवतो ते पाहायला गेलो. प्रयोगशाळेच्या कपाटात, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी! तो दोर मी त्याच दिवशी कापून विहिरीवर दिला. शिपाईमामा अजून म्हणतात, "सरांनी नवा दोर वाया घालवला."

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि ते माझ्या मित्रांकडूनच येतात.

एक म्हणजे, हौशी माणसावर विसंबून राहणे हा बेजबाबदारपणा आहे. पगारी तज्ज्ञ नेमा, म्हणजे चूक झाली तर कान धरता येईल. यात तथ्य आहे. कचेरी, हिशेब, विमा, रुग्णवाहिका यांसाठी पगारी माणूसच हवा. पण आमच्या मुलांना दरीत जाऊ देऊ नका, असे म्हणायला पगारी माणूस सहसा धजत नाही. कारण सहली थांबल्या तर प्रवेशशुल्क थांबते, तक्रारी वर जातात, आणि त्याची बदली होते. बिनपगारी माणसाची बदली कुठे करणार? त्याच्यापाशी हिरावून घेण्यासारखे काही नसते. म्हणून 'नाही' म्हणण्याचे काम त्याच्याकडेच राहते. २०१८ साली आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस दरीत कोसळली, २०२३ साली इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा दोर घेऊन जे खाली उतरले किंवा चिखलातून डोंगर चढून गेले त्यांत हीच ट्रेकर मंडळी होती. प्रेते उचलायला जो चालतो तो सल्ला द्यायला मात्र चालत नाही, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. स्वयंसेवकांचे गट म्हणजे तरी काय? पंचवीस वर्षे तेच अध्यक्ष, तेच चिटणीस. एका क्लबचा माणूस बोलला की दुसऱ्या क्लबचा उठून जातो. कोणी एकदा हिमालयात जाऊन आला की जन्मभर त्याच मोहिमेची स्लाइड दाखवतो. आणि यादी पाहावी तर सगळी पुण्या-मुंबईची. कड्याखालच्या वाडीतला ठाकर किंवा महादेव कोळी मुलगा तिच्यात नाही, त्याची बहीण तर नाहीच. पावसाळ्यात दरीच्या तोंडाशी उभा राहतो तो एक, आणि लेटरहेडवर नाव असते दुसऱ्याचे. अशा समित्यांना संस्थेने कात्रजचा घाट दाखवला तर मी रडणार नाही. त्यांतल्या दोघांना मी चांगला ओळखतो, आणि ते हे वाचतील याची मला खात्री आहे.

पण समित्या सडल्या म्हणून सल्ल्याची गरज सरत नाही. तिथे वाडीतली माणसे आणून बसवा. मुदत ठरवा, तीन वर्षे झाली की उठा. त्यांना मानधन देऊ नका, ते मागतही नाहीत, पण एस. टी.चे भाडे द्या आणि विमा उतरवा. साम्रदच्या माणसाच्या खांद्यावरचा दोर त्याच्या स्वतःच्या पैशाचा होता, हे मला नंतर कळले. आणि सर्वांत आधी, त्याच्या पत्राला उत्तर द्या. सल्ला मानलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. संस्थेपुढे शंभर गोष्टी असतात, स्वयंसेवकाला त्यांतली एकच दिसते, आणि कधी तो चुकतोही. पण मानायचा नसेल तर का मानला नाही ते दोन ओळींत लिहा, खाली स्वतःचे नाव लिहा, आणि ते सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावा. म्हणजे उद्या त्या दरीत कोणाचे मूल गेले, तर 'नोंद' कोणी घेतली होती हे त्या आईला विचारता येईल.

एवढे लिहून झाल्यावर मला वाटले, नुसती लेखणी चालवून काय होणार? म्हणून गेल्या श्रावणात मी त्याच वरिष्ठ संस्थेला पत्र टाकले. सांदण दरीच्या तोंडाशी पाटी लावावी, पाटी आमच्या शाळेची मुले रंगवून देतील, रंगाचा खर्च शाळेचा, मजकूर साम्रदच्या मंडळींनी ठरवलेला आहे, सोबत नमुना जोडला आहे. खाली सही केली, 'ड्रॉइंग मास्तर' असे लिहिले. आठ दिवसांनी एका गृहस्थाचा फोन आला. फार सभ्यपणे बोलले. म्हणाले, कल्पना उत्तम आहे, परंतु आपण हे कोणत्या नात्याने सुचवीत आहात, तेवढे कळवा.

मी म्हटले, "आम्ही आपले असेच."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, लेखी कळवा. लेखी कळवले आहे. पाटी तयार आहे, चित्रकलेच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. सातवीतला तो मुलगा आता अकरावीत गेला. तरी गेल्या रविवारी येऊन त्याने 'धोका' या शब्दावर लाल रंगाचा दुसरा हात मारला. हा अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आले नव्हते. आले तर संपादकांना कळवीन.